नदीपासून तिसरं घर

११ एप्रिल १९९८
आमच्या संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसचं पत्र, वसाहतीतल्या केंद्राचा मास्तर म्हणून मला. मेअखेर गिऱ्हाईक दिसलं नाही तर कॉम्प्युटर दुसऱ्या केंद्राला जाणार. वसाहतीत दिवसाला लाईट किती तास, हे तिकडे कोण विचारतो. धरणात गाव गेलेल्या माणसांनी स्वतःचा धंदा उभा करावा म्हणून मशीन दिलं. कसला धंदा, ते योजनेत कुठेच नाही.
लग्नाच्या निमंत्रणपत्रिका कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायच्या, ही कल्पना मंदाची. इथलीच सून, बारावी, हात माझ्यापेक्षा भरभर चालतो. मजकुराची जुळवणी आपली, फ्लॉपी नेवाशाच्या प्रेसवाल्याला, छपाई त्याची.

१८ एप्रिल
पहिली ऑर्डर. पांडुरंगच्या मुलाचं लग्न. निमंत्रक म्हणून सगळी भावकी, चाळीसेक नावं. माणसं चार वसाहतींत विखुरलीत, एकही सुटता कामा नये.
मंदा : "सर, कुनाचं नाव वर, कुनाचं खाली? पांडूमामा सांगंना. म्हनतो, तुमीच बघा."
पांडुरंग हुशार, भांडण आमच्या गळ्यात. मी म्हटलं, अकारविल्हे लावू. एक कमांड दिली, नावं रांगेत. कुणाला नावं ठेवायला जागा नाही. आज फार खूश आहे.

२४ एप्रिल
पत्रिका वाटल्या आणि सगळा विचका. दहावीला दोनदा आपटलेला अंकुश सगळ्यांत वर. भावकीत सर्वांत थोरले हौसाजीबाबा, ते तळाला. ह शेवटी येतो, त्याला मी काय करू.
बाबांनी पत्रिका परत पाठवली. लग्नाला येणार नाहीत. पांडुरंग मंदाच्या दारात येऊन बोलला, "तुज्या त्या डब्यानं म्हाताऱ्याला पायाशी बसवलं." चूक माझी, ऐकून घेतलं तिनं. मी मध्ये पडून अकारविल्हे म्हणजे काय ते समजावायला गेलो. कशाला गेलो.
नव्या पत्रिका तो थेट प्रेसवाल्याकडून करून घेणार.

२७ एप्रिल
मंदा आली नाही. मशीनवर झाकलेलं कापड तसंच. माझाच राग येतोय. सहा वर्षं या लोकांत काढली आणि...

२ मे
मंदा आली, बरोबर सासू. म्हातारी म्हणाली, "मास्तर, आमच्यात वर-खाली असं नव्हतंच. गावात घरं हुती तशी नावं घ्यायची. पंगत बी तशीच बसायची." डोळे मिटून नदीपासून वर एकेक घर सांगत गेली, मंदा टाइप करत गेली. तेवढ्यात लाईट गेली. सेव्ह करा म्हणून रोज ओरडणारा मी, नेमका आज विसरलो. म्हातारी शांत. "आली की परत सांगते." चारला लाईट आली, परत सांगितलं. तेच, तसंच.
फक्त वरची आळी अर्धी राहिली. म्हातारी म्हणाली, "तवा नवी सून मी. तिकडं जानं न्हवतं माजं."

५ मे
प्रिंट घेऊन तिघंही बाबांकडे. त्यांनी बोट फिरवत वाचलं. स्वतःच्या नावावर थांबले. वाटलं, पहिलं नाही म्हणून आता फाडतात.
"बरूबर. नदीपासनं तिसरं घर." मग खाली एका नावावर, "ह्यो तर गाव बुडायच्या आदीच मेला."
म्हातारी : "मरू द्या. घर हुतं ना."
बाबा लग्नाला जाणार. पण पांडुरंगच्या पत्रिका प्रेसवर छापून झाल्या, त्यात नुसतं 'समस्त भावकी'. भांडण मिटवलं आम्ही, गिऱ्हाईक प्रेसवाल्याचं. ऑफिसला काय कळवू?

१७ मे
पलीकडच्या वसाहतीतून टेम्पो करून सहाजण आले. लग्नात बाबांनी यादीचं सांगितलं म्हणे. वरच्या आळीचे. पिंपळाच्या अलीकडचं घर कुणाचं, यावर तासभर भांडले आणि यादी पुरी करून उठले. दोघांकडे लग्नं आहेत, पत्रिका इथंच करणार. "प्रेसवाल्याला आमची आळी काय ठावं?"
मंदा किती दिवसांनी हसली. पण लग्नं तुळशीच्या लग्नानंतर. आमची मुदत मेअखेर.

२३ मे
एसटीडी बूथवरून पुण्याच्या साहेबांना फोन. नोव्हेंबरपर्यंत थांबा म्हटलं. साहेब : "गावाची यादी करणं हा व्यवसाय नव्हे." मशीन न्यायला तीसला जीप पाठवतो म्हणाले.

३० मे
जीप आली. ड्रायव्हरला चहा दिला. मंदा मशीनसमोरून उठत नाही. आज तिसऱ्या वसाहतीची माणसं आलीत, त्यांची घरं टाइप करतेय. सेव्ह करते, पुढचं विचारते. माझ्याकडे बघत नाही.
ड्रायव्हर मशीन परत दिल्याच्या कागदावर सही मागतोय. मघाशी त्याला सांगितलं, पेन सापडत नाही. तो दारात उभा राहून मला हे लिहिताना बघतोय.