बुचवाल्याची ‘विधवा’

हॅम्बुर्ग, ३ मार्च १८९९
पुन्हा नापास! कलाछायाचित्र मंडळाने माझा होडीचा फोटो परत पाठवला. त्यांना हल्ली धूसर, रंगचित्रासारखे फोटो हवेत. अध्यक्ष डॉ. एगर्स म्हणाले, “टिसनसाहेब, फोटो स्वच्छ आहे. फारच स्वच्छ.” मागून कोणीतरी — “बुचं विकणाऱ्याला धुकं कुठून सुचणार!” सगळे हसले. मीही हसलो. गाढव मी! एप्रिलच्या प्रदर्शनात भिंत मिळाली नाही, तर कॅमेरा एल्बे नदीत बुडवीन.

१२ मार्च
नवी कल्पना — ‘विधवा’! ओसाड शेत, उघडं आभाळ, एकटी म्हातारी. शहराबाहेरच्या एका शेतावर मेटाबाई सापडल्या, चेहरा अगदी हवा तसा. पण नवरा हटेना! हिनरिक. वय सत्तर, जन्मात फोटो काढलेला नाही. लग्नातला कोट चढवून बायकोला चिकटून उभा. “ती एकटी कशाला? मी काय मेलोय?” मी म्हटलं, मला विधवाच हवी आहे. तो खो खो हसला — “मग थांबा की थोडं, मालक!” मेटाबाईंनी त्याला कोपर मारलं. माझ्याकडे फोटोची एकच काच उरली होती, उजेड चालला होता. काढला दोघांचा!

१५ मार्च
चाकूने काचेवरून हिनरिकला खरवडलं. टोपीपासून बुटांपर्यंत. नाक फार चिवट.

१९ मार्च
न्हाणीघरातला टब चार दिवस माझ्या ताब्यात. डिंक, काजळी, पाणी — फोटो धूसर व्हावा म्हणून कागद छापतोय, धुतोय, पुन्हा छापतोय. आमची एल्साबे दाराशी उभी : “अहो, घरातल्या माणसांना कधी धुवायचं?” म्हटलं, कलेसाठी सोसावं लागतं. ती टॉवेल घेऊन ट्रामने बहिणीकडे आंघोळीला गेली.

२२ मार्च
जमलं! शेत दिसत नाही, मागची गाय दिसत नाही. एल्साबे म्हणते, चूल धुमसल्यासारखं वाटतंय. वा!

९ एप्रिल
भिंत मिळाली! मधली!! डॉ. एगर्सनी माझा हात सोडलाच नाही — “केवढं हे दुःख, टिसनसाहेब!” एक बाई चक्क रडल्या. आज कोणीही बुचांचं नाव काढलं नाही. मी हवेत आहे.

२० एप्रिल
मेटाबाई पेढीवर आल्या. काळ्या कपड्यांत. हिनरिक सोमवारी गेला. “तुम्ही आम्हा दोघांचा फोटो काढला होता ना, मालक? तेवढा द्या. धूसर असला तरी चालेल.”
काच फुटली म्हणालो.
“असू दे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”