तक्रारी शून्यावर

३ नोव्हेंबर, पहाटे (म्हणजे साडेनऊ)
आजपासून तयारी. पाचचा गजर अंतरानं बंद केला, असा माझा दावा आहे. ती म्हणते, मीच उशी फेकून मारली. बायकोशी सकाळी सकाळी वाद घालू नये.
बँकेतली कॅशिअरकी सोडल्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. लवकरच बंगळूर. ॲनालिटिकल प्रॉडक्ट मॅनेजर! बाबांना समजावलं की मोबाइलवरून मागवलेला किराणा झटपट घरी पोचवणाऱ्या कंपन्या असतात. तिथे आकडे बघून काय चुकतंय ते सांगणारा माणूस म्हणजे मी. बाबा दशाश्वमेध घाटावर पूजा सांगायला निघाले होते, नाशिकचे यजमान आलेत. चपला घालता घालता म्हणाले, आपल्या घरात काय चुकतंय ते सांगायचा पण पगार मिळतो काय रे? यांच्या डोक्यावरून जातं सगळं.

५ नोव्हेंबर
देव दिवाळी. सगळी काशी घाटावर. अंतरा म्हणाली, भुसावळहून लग्न होऊन आल्यापासून एकदाही नावेतून दिवे बघितले नाहीत, आज तरी चल. मी म्हटलं, दिवे काय, दरवर्षी लागतात. ती रडली. तासभर वाया गेला. माझा.

९ नोव्हेंबर
अंतराला मॉक इंटरव्ह्यू घ्यायला बसवलं. रेल्वेच्या ऑफिसातून आल्यावर तिला तसं काही काम नसतं, स्वयंपाक सोडून. प्रश्न: ऑर्डरी अचानक घटल्या, कारण शोधा. मी काय सुरेख बोलत होतो! मध्येच म्हणते, कुठल्या शहरात घटल्या ते तरी आधी विचार. लिंक तुटली ना राव. इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं, असं जरा आवाज चढवून सांगितलं. पोळ्या करपल्या. त्याही माझ्यामुळे म्हणे.

१४ नोव्हेंबर
आयडिया! पुस्तकी आकडे बास. खरा डेटा घरातच आहे. अंतरा म्हणजे गिऱ्हाईक, मी कंपनी. तिच्या तक्रारी रोज मोजायच्या आणि आलेख काढायचा. आजचा माल: गादीवर ओला टॉवेल, हेडफोन लावून जेवणं, तिच्या आईचा फोन न उचलणं, नोकरी सोडताना न विचारणं (हे अजून चालूच!). सुरुवात फारच खराब आहे. पण सुधारणा दाखवायची तर सुरुवात खराबच हवी.

२१ नोव्हेंबर
आलेख घसरतोय! कारण उघड आहे. माझा स्वभाव निवळलाय.
संध्याकाळी व्हिडिओ बघत होतो, तर दारात उभी राहून विचारते, बादली घेऊ का? हेडफोन न काढताच म्हटलं, घे की. ती म्हणाली, नक्की? नीट विचार करून सांग. अरे, बादलीचा काय विचार करायचा! म्हटलं, घे, चांगली मोठी घे, परत परत घ्यायला नको. मान हलवून गेली. झटपट निर्णय. मॅनेजरला हेच लागतं.

२६ नोव्हेंबर
शून्य! पाच दिवस एकही तक्रार नाही. मुद्दाम प्रयोग केला, टॉवेल तिच्याच उशीवर टाकला. तिनं गुपचूप उचलून वाळत घातला. आलेख रंगवून फ्रिजवर चिकटवला. तिनं बघितला. म्हणाली, छान आलाय.
बाबांना दाखवला. म्हणाले, मणिकर्णिकेवर रोज इतके जण तिरडीवरून येतात, एकाची म्हणून तक्रार नसते. बाबांना सॅम्पल म्हणजे काय तेच कळत नाही.

३० नोव्हेंबर
परवा इंटरव्ह्यू. शेवटची मॉक. अंतरानं पुस्तक मिटून मनाचाच प्रश्न विचारला: जे गिऱ्हाईक काही न बोलता निघून जाणार असतं, ते आधी कसं ओळखायचं? म्हटलं, असं गिऱ्हाईक नसतंच. चिडलेलं गिऱ्हाईक बोलतं, बोंब मारतं. शिवाय प्रश्न सिलॅबसबाहेरचा आहे. ती म्हणाली, बरं. आता कशी शहाण्यासारखी ऐकते.

२ डिसेंबर, दुपारी
झाला. व्हिडिओवर निवेदिता नावाच्या बाई होत्या. आणि काय विचारावं? तोच! काही न बोलता जाणारं गिऱ्हाईक कसं ओळखाल? मी तेच ठणकावून सांगितलं, आणि थेट फ्रिजवरचा आलेख आणून कॅमेऱ्यासमोर धरला. सांगितलं, तक्रारी शून्यावर आणल्यात, घरच्या घरी. बाई स्क्रीनजवळ वाकून बघायला लागल्या. इंप्रेस झाल्या. मग म्हणाल्या, गिऱ्हाईक अजून आहे ना? म्हटलं, असणारच की, आत आहे. म्हणाल्या, एकदा बघून घ्या. आणि कट. नेटवर्क गेलं असणार.
अंतराला सांगायला हवं, तिचाच प्रश्न आला. फुकट पेपर फोडला होता की तिनं!

२ डिसेंबर, संध्याकाळी
आत नाही. ऑफिसातही नाही. कपाटातला तिचा कप्पा रिकामा.
बाबा म्हणाले, सकाळी तू कॅमेऱ्यासमोर टाय नीट करत बसला होतास तेव्हा गेली. पाया पडली माझ्या. भुसावळला बदली घेतली तिनं. तुला विचारूनच घेतली म्हणत होती. तू म्हणालास म्हणे, मोठी घे, परत घ्यायला नको.
बदली.
मोरीत जाऊन बघितलं. बादली तीच आहे, कड फुटलेली.
फोन केला. ट्रेनमध्ये होती. विचारलं, एक शब्द तरी बोलायचास. ती म्हणाली, बोलतच होते, तू मोजत होतास. मग विचारलं तिनं, इंटरव्ह्यू कसा झाला? म्हटलं, तुझाच प्रश्न आला. म्हणाली, बरं. इथे रेंज गेली. किंवा तिनं ठेवला.

३ डिसेंबर
कंपनीचा मेल. शुभेच्छा दिल्यात, पुढच्या वाटचालीसाठी.
रात्री जेवण मागवलं. पोऱ्याचा फोन: भैया, गली में गाड़ी नहीं आएगी, चौक पर आ जाइए. मी चिडलो, म्हटलं, दर वेळी तर येता! तो म्हणाला, हर बार मैडम आती थीं चौक पर.
बाबांना विचारलं. म्हणाले, मग काय, उडत येतं वाटलं होतं तुला?
चौकात पोचेपर्यंत तो गेला होता. तक्रार करायला ॲप उघडलं. पाच तारे आले, खाली लिहायला चौकोन आला. काहीच लिहिलं नाही. ॲप काढून टाकलं.
घरी बाबांनी खिचडी टाकली होती. अळणी. मी काही बोललो नाही.