रेषेबाहेर उरलेलं

सोमवार, २ मार्च

नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. खोली तळघरात आहे, खिडकी नाही, पण लख्ख. संगणकाचे दोन पडदे, एक बरी खुर्ची, काचेपलीकडे रेडिएशनचं यंत्र. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या माणसाला रोज शेक देण्याआधी छातीचा स्कॅन होतो. त्यातल्या गाठीभोवती मी माउसने रेषा काढायची. आकार संगणक मोजतो. पहिल्या तीन आठवड्यांत गाठ किती आटते यावरून पुढचं ओळखता येतं, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. पंधराव्या शेकाला बैठक. आटत नसेल तर उपचार बदलायचे. म्हणजे माझी रेषा चुकली तर माणूस गेला. काम नीट कसं करावं ते तंत्रज्ञ मुलीला पहिल्याच दिवशी सुनावलं. तिने विचारलं, मावशी, आधी शाळेत होतात का. एक्स-रे विभागात होते म्हटलं, तीस वर्षं.

मंगळवार, १० मार्च

कालपासून एका शिंप्याचा शेक सुरू झालाय. साठीचे, बोलके. उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ. मला म्हणाले, ताई, जन्मभर लोकांची मापं घेतली, आता माझं तुम्ही घ्या, फक्त ढगळ ठेवू नका. सोबतच्या सुनेने डोळे वटारले, तर म्हणे, गप्प बसलो की खोकला येतो गं.

दहा मिनिटांचं काम मी चार मिनिटांत करते. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर वाखाणलं.

गुरुवार, १९ मार्च

लिहायला लाज वाटते. सोमवारपासून शिंपीदादांचे चार स्कॅन मी उघडलेच नाहीत. इतरांच्या गाठी आटतायत, यांचीही आटणारच, असं धरून आदल्या दिवशीची रेषा रोज थोडी आत ओढली. वेग टिकवायला. या वयात कौतुकाची चटक.

आणि आज त्या मुलीला मी कामचुकार म्हणाले.

शुक्रवार, २० मार्च

चारही स्कॅन उघडले. गाठ माझ्या रेषेत तंतोतंत बसलीय. हायसं वाटलं. मग डावं फुप्फुस पाहिलं.

तिथे चंद्राच्या असतात तशा चार बारीक कोरी आहेत, कातरून टाकल्यासारख्या. मागच्या आठवड्यात नव्हत्या. प्रत्येकीची जाडी मी त्या दिवशी रेषा आत ओढली तेवढीच. रेषा सुरू करताना माझा हात किंचित हलतो, खाच पडते. ती खाचही आहे. चारही कोरींना.

मंगळवार, २४ मार्च

काल-आज रेषा मनाने आत ओढली नाही. कोरी तरी जाडावल्यात. तंत्रज्ञ मुलगी स्कॅनमध्ये फक्त पाठीचा कणा जुळवून बघते, डॉक्टर फक्त आकडा बघतात, आणि आकडा सुंदर आहे. डावीकडे शेक जात नाही. दाखवलं तर पहिला प्रश्न येईल, कधीपासून. मग गोष्ट त्या चार दिवसांवर येणारच.

शिंपीदादांना डावीकडे टोचतं. म्हणे, आयुष्यभर टाचण्या ओठांत धरल्या, एखादी गिळली असेन. सगळे हसले. मीही.

गुरुवार, २६ मार्च

सांगायला गेले. दारापर्यंत. आत डॉक्टर नव्या लोकांना माझंच उदाहरण देत होते — परत आले.

कोरी एकमेकींना लागल्यात. एक कडं झालंय. आत काही नाही. अजून नाही.

शुक्रवार, २७ मार्च

बैठक झाली. उत्तम आटतेय, उपचार तोच ठेवू, असं ठरलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच —

सून बाहेर रडली, आनंदाने. माझा हात धरून. तो सोडवून घेता येईना.

आत्ताचा स्कॅन समोर आहे. कडं भरलंय, आत गाठ आहे. काठ माझ्या हातचा, खाचेसकट. शिंपीदादा यंत्राखाली झोपलेत. डॉक्टर माझ्या खुर्चीमागेच आहेत, मी टिपणं काढतेय असं त्यांना वाटतंय. डावीकडे बघा, एवढंच म्हणायचं — दोन शब्द —

मुलगी विचारतेय, मावशी, सुरू करू का.

पुन्हा विचारलं. सगळे माझ्याकडे बघतायत. मी तिला म्हणाले —