उलटा उमटलेला रस्ता

कार्लटन, मेलबर्न
२ सप्टेंबर २०२०

प्रिय वीणाताई,

फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि मागून आईचं रडणं सुरू होतं. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतेय.

तुझं म्हणणं पोचलं. लॉकडाऊनपुरतं तरी मी क्लेटनला हृषिकेशकडे परत जावं, परक्या मुलखात नवरा-बायकोने दोन चुली मांडू नयेत. तोही रोज मेसेज करतो, खोली रिकामी केलीय, ये. ताई, सात वर्षं मी त्या घरात मान खाली घालून राहिले. त्याने कधी हात उगारला नाही, म्हणून तुम्हाला माझं दुखणं दिसत नाही. मी हौसेने आणलेली प्रत्येक वस्तू त्याने हसत हसत गॅरेजमध्ये टाकली.

ते जुनं एचिंगसुद्धा, कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. दीडशे वर्षांपूर्वीचं, इथल्याच कुठल्याशा रस्त्याचं. लोखंडी जाळीच्या बाल्कन्या, चर्चचा मनोरा, माणूस एकही नाही. ओसाड रस्ता काय भिंतीला लावायचा, म्हणाला. घर सोडताना कपड्यांआधी मी तेच उचललं.

आता दिवसातून एकच तास फिरायला मिळतो. मास्क लावून, त्या चित्राचा फोटो धरून तीन आठवडे मी तो रस्ता शोधत होते. सापडेना. मग एकदा दात घासताना चित्र आरशात दिसलं आणि ट्यूब पेटली! तांब्याच्या पत्र्यावर दिसतं तसंच कोरलं, की कागदावर डावं-उजवं उलटं उमटतं. अगदी शिकाऊ चूक. रस्ता माझ्या घरामागचाच निघाला, आणि आजही तिथे चिटपाखरू नव्हतं. मी एकटीच खो खो हसले, मग रडले. त्या पठ्ठ्या चित्रकाराने चूक कळल्यावरही पत्रा फेकला नाही, छापलेल्या कागदावर खाली ठसठशीत सही ठोकली. मला तो माणूस फार आवडला.

आता मुद्द्याचं. इथे घटस्फोटाआधी बारा महिने वेगळं राहावं लागतं. परत जाऊन चार महिने काढले असते, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. परवा बारा महिने भरले आणि आज सकाळी मी अर्ज केला. विचारत नाहीये, कळवतेय. आईला तूच सांग. आणि नवऱ्याने टाकली असं कुणी म्हणालंच, तर तिथल्या तिथे दुरुस्त कर. टाकली नाही, नीरजाने सोडला.

तुझीच हट्टी,
नीरजा