शेळीच्या डोळ्यागत भोकं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

परत लांबट भोकं! सुकन्यानं नेमबाजीचा कागद खुर्चीवर टाकला आन् मोबाईल घेऊन आत गेली. नात हाय, पण घरात असून नसल्यागत. कागद मी डब्याखाली अंथरायला घेतला. आधी हिच्या गोळ्यांची भोकं गोल पडायची, सगळी एका बांगडीत मावायची. आता बघावं तर शेळीच्या डोळ्यागत आडवी. एक हितं, एक पार कोपऱ्यात.

विचारलं तर म्हणाली, "तूच म्हटलीस ना, जड घे?"

म्हटलं होतं खरं. दिवाळीआधी तोंड पाडून आली होती – मैदानात वारं लई, गोळी सरकती. मी म्हटलं, कधी उफणताना बघितलंस का? भरीव दाणा पायाशी पडतो, फोल उडून जातं. जड घे. क्लबात तवा नव्या जड गोळ्या आल्या होत्या. घेतल्या तिनं.

माझं ऐकायला कुणी सांगितलं होतं!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तोंडातनं शब्द निघाला न्हाय. दुधवाल्याला "उद्या ये" म्हटलं, तेवढंच. एकटीच मोठ्यानं बोलले तर भिंतीपलीकडं काशम्मा कान लावती. म्हणून हे लिहिणं. चौथीपर्यंतची शाळा, ती एवढ्याच कामाला आली.

लेक सिद्धाप्पा आन् सून मेंढरं घेऊन नदीकाठाला. मागं फोन आला, अर्ध्यात रेंज गेली. मला आता मेंढरांमागं चालवत न्हाय, आन् पोरीचं कॉलेज, म्हणून आमी दोघी सोलापुरात, दोन खोल्यांत. धाकटी बहीण रंभाबाई मंगळवेढ्याला हाय. तिचं माझं लहानपणापासून पटत न्हाय. जगाला शिकवती, स्वतःला भाकरी थापता येत न्हाय.

आठ डिसेंबरला नेमबाजीची निवड. झाली तर पोरगी दोन वर्षं पुण्याला, होस्टेलात. न्हाय झाली तर हितंच.

मला काय व्हावंसं वाटतं ते लिहिणार न्हाय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काशम्मा म्हणाली, "पोरगी गेल्यावर तुमी काय करणार वो?"

म्हटलं, "तुझ्या तोंडाकडं बघत बसीन."

तिनं दार लावून घेतलं. मग मीबी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रिक्षा करून क्लबात गेले. माझ्या सांगण्यानं पोरीचा नेम बिघडला, तर निस्तरायचंबी मीच. तिला शिकवणारे गुरुशांत सर भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. बंदुकीची नळी उजेडाकडं धरून मला आत बघायला लावलं. आत पीळ घातल्यागत खाचा हायत. गोळी त्यातनं गरगर फिरत सुटती, फिरती म्हणून सरळ जाती. जड गोळी लांब असती, तिला जास्त पीळ लागतो. ह्या नळीचा पीळ सोळा इंचात एकच वेढा, हलक्या गोळीपुरता. मोठा भोवरा जोर न लावता सोडला की कसा डुलतो? तशी ही जड गोळी डुलत जाती आन् कागदावर आडवी आदळती. म्हणून शेळीचा डोळा.

मी म्हटलं, मग नळी बदला की.

ते म्हणाले, नळी कशाला, गोळी बदलायची. हलकी घातली की झालं.

म्हणजे माझं उफणणं खोटं न्हवतं. ह्या नळीला मानवलं न्हाय, एवढंच. मी म्हटलं, चूक माझी, आजच तिला सांगते. सर हसले न्हाईत.

"आजी, तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. हलक्या गोळ्यांचं पाकीट हातात दिलं. ती जडच मारते. इतकी हुशार पोरगी, काय झालंय तिला?"

काय झालंय ते मला तितंच कळलं. निवड होऊ नये म्हणून! म्हातारी एकटी पडंल म्हणून पोरगी मुद्दाम नेम चुकवती, आन् नाव माझ्या सल्ल्याचं!

सरांना काय बोलले न्हाय. रिक्षात बसल्यावर आधी बरं वाटलं. लई बरं वाटलं. नव्या पेठेपर्यंत वाटत होतं. मग स्वतःचाच राग आला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना सुकन्याला सांगितलं – रंभाबाईचा फोन आला होता, मंगळवेढ्याला कायमची ये म्हणती. तुझी निवड झाली की मी निघाले.

"तुझं आन् तिचं पटत न्हाय की."

"भांडायलाबी माणूस लागतं. आन् तितं हुरडा खायला मिळंल. हितं काय, तुझी चेपलेली भोकं बघत बसू?"

मी आमटी वाढली. ताटातलं सगळं संपवल्यावर ती म्हणाली, "हलक्या गोळ्या शिल्लक हायत का बघते उद्या."

म्हटलं, बघ की. मला काय सांगती, मी काय गोळ्यांचं दुकान घातलंय?

८ डिसेंबर, रविवार

आज कागद खुर्चीवर टाकला न्हाय. माझ्या हातात दिला. भोकं गोल! बांगडी काढून वर ठेवून बघितली. एक भोक बाहेर.

"वारं होतं, आजी."

"कारणं सांगू नगं."

निवड झाली. पुढल्या रविवारी जायचं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

माझं बोचकं तीच बांधती. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, रंभाबाईला पेढे. सारखी विचारती, औषध घेतलं का, चष्मा घेतला का. पोरगी बोलायला लागली ती जायच्या वक्ताला.

१५ डिसेंबर, रविवार

स्टँडवर सुकन्यानं आधी मला मंगळवेढ्याच्या एसटीत बसवलं. तिची पुण्याची गाडी मागनं होती. खिडकीजवळची जागा धरून दिली, बोचकं मांडीवर ठेवलं. गाडी हलली तरी हात हलवत उभी. मीबी हलवला.

गाडी वळली, पोरगी दिसंनाशी झाली. पुढच्या थांब्यावर उठले. कंडक्टर म्हणाला, "आजी, हितं कुटं उतरता? मंगळवेढा लांब हाय अजून."

म्हटलं, "असू दे. मला तितं कुणी बोलावलंच न्हाय."