मटकी पाचशे, माप स्थानिक चालीप्रमाणे

१३ एप्रिल १९०७, शनिवार. गुढीपाडवा. धार.

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज लिहीन. खरे लिहीन. थोडक्यात लिहीन.

मी नीलकंठ, मूळ वाईचा, सरदार जगदेवरावांच्या कोठीत हंगामी कारकून. (हे लिहायची गरज नाही, ही रोजनिशी दुसरे कोणी वाचणार नाही. पण थोर माणसांच्या रोजनिश्या पुढे सापडतात.) सासरेबुवांच्या शब्दाने येथे लागलो त्याला वर्ष होत आले. वर्षात मला या मुलखाचे सर्व कळले आहे.

आज मोठी गोष्ट घडली. पागेच्या घोड्यांना दाण्यात मटकी लागते. आजवर ती एकाच दुकानदाराकडून, तो म्हणेल त्या भावाने. मी कारभारी मोरोपंतांना म्हटले की प्रजा मटकी कशी घेते, कोठून घेते, काय पाहून घेते, याचा आधी शास्त्रीय अभ्यास व्हावा आणि मग सरकारची खरेदीची पॉलिसी ठरावी. मोरोपंत बराच वेळ कान कोरत होते. मग म्हणाले की करा, आणि जमले तर खरेदी-इन्स्पेक्टरची कायम जागा आहे, कोठीमागचे घर आहे. त्या घराला अंगणात विहीर!

घरी येऊन हिला सांगितले. दुर्गा एकदम खाली बसली. सध्या ही सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणते, रोज चार खेपा, सणाला सहा. विहीर खरेच अंगणात का, असे तीनदा विचारले. मी म्हटले, समज की पोहरा तुझ्या हातात आहे. हिने श्रीखंड दुसऱ्यांदा वाढले.

१५ एप्रिल, सोमवार.

फॉर्म तयार केला. पाच कॉलम. घरात वर्षाला मटकी किती, कशी पारखता, कशी ठेवता, वापरण्याआधी काय करता, खराब झाल्यास काय करता.

अभ्यासाचा पहिला नियम ठरवला. अभ्यासकाने वस्तूकडे पाहू नये, माणसाकडे पाहावे. वस्तू पाहिली की मन कलुषित होते. हा नियम माझाच. (पोलिटिकल इकॉनमीच्या पुस्तकाची पहिली चाळीस पाने वाचली आहेत, त्यांत तरी तो नाही.)

संकल्प: अभ्यास संपेपर्यंत स्वतः काहीही विकत घ्यायचे नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार. देवास.

टांग्याने आलो. सोबत शिपाई रघुजी. याचे खापरपणजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर आले, तेव्हापासून घराण्याची भाषा बिघडत आली आहे. अर्धे वाक्य मराठी, उरलेले माळवी.

देवास अभ्यासकासाठी स्वर्ग आहे! गाव एक, राज्ये दोन. रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती बाजू धाकट्या पातीची. मी दिवसभर मधोमध उभा राहून खरेदी पाहिली. एका बाईने इकडे भाव विचारला, तिकडे विचारला, पुन्हा इकडे आली, पुन्हा तिकडे गेली, आणि काही न घेता घरी गेली. यावर स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल.

विक्रेत्याची बाजूही समजावी म्हणून एका दुकानात शिरलो. जर्मन अलार्म घड्याळ घेतले. हे संकल्पात बसते, कारण ते अभ्यासाचे साधन आहे. केशवर्धक तेलाच्या तीन बाटल्या मात्र विक्रेत्याच्या आग्रहाने. मला टक्कल नाही, पण दुकानदार म्हणाला की भिया, पड़वा के बाद कई फायदो, म्हणजे केस गळल्यावर काय उपयोग. लॉजिकमध्ये खोट काढता आली नाही.

२१ एप्रिल, रविवार. पीपलरावां.

काय दिवस!

पारावर चाळीस माणसे जमवली. माझी हिंदी ऐकून थक्क झाली, मी काय म्हणालो ते एकमेकांना विचारू लागली. मग उत्तरांचा पूर आला. येथे मुद्दाम उतरवतो.

वर्षाला मटकी किती? बहुतेक घरी दोन. कोणी तीन. मी विचारले, दोन काय? मण? शेर? ते एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारी म्हणाली की दो म्हणजे दो. माप विचारले की हे लोक बिचकतात. मागे महसूलवाल्यांनी छळले असावे.

कशी पारखता? ठोकून! बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात!! मटकीचा आवाज! आपण पुण्यासाताऱ्याकडची माणसे मूठभर घेऊन नुसता वास घेतो. यांचे कान किती तयार असतील.

रंग? लाल आणि काळी, दोन जाती. लाल चांगली.

कशी ठेवता? सावलीत, ओल्या वाळूवर.

वापरण्याआधी? रात्रभर पाणी. हे आपल्यासारखेच. ऐकून बरे वाटले, माणूस सगळीकडे सारखाच.

गुण? उन्हाळ्यात थंडावा. सगळे एकमुखाने म्हणाले. पागेतले घोडे वैशाखात हैराण होतात, त्यांना थंड मटकी! हे मोरोपंतांना ठळक अक्षरांत.

खराब झाल्यास? येथे मात्र मन खिन्न झाले. म्हातारी म्हणाली की फूटी जाय तो फेंकी दां. म्हणजे मोड फुटला की फेकून देतात! उसळ नावाची चीज या लोकांच्या आयुष्यात आलीच नाही. मी त्यांना मोड आलेल्या मटकीचे महत्त्व अर्धा तास समजावले, फुटलेलीच अधिक पौष्टिक, ती फोडणीला टाकावी आणि चावून खावी, असे सांगितले. म्हातारीने पदर तोंडाला लावला. बहुधा गहिवरली.

२२ एप्रिल, सोमवार. अजून तेथेच.

माल कोण पुरवतो हे विचारले. सगळ्यांनी गेंदालालचे नाव घेतले. बोलावला. कोपरापर्यंत हात चिखलाने माखलेले. दलाल नाही, अडत्या नाही, थेट मातीतला माणूस! अशाशीच सरकारने व्यवहार करावा.

मी विचारले, पाचशे मटकी देशील? त्याने डोळे विस्फारले. म्हणाला की साब, एत्ती तो म्हारे बाप ने भी नी बणाई. 'बणाई' शब्द पाहा. पीक काढणे याला हे लोक बनवणे म्हणतात. केवढी कविता आहे. भाऊबंद लावून तीन आठवड्यांत देतो म्हणाला.

रघुजी मध्येच म्हणाला की साहेब, पागेला येवढ्या मटक्या कायको, घोडे मटकीत तोंड घालणार कसे. मी म्हटले, सवय लागेल. शिपायांनी पॉलिसीत पडू नये.

२५ एप्रिल, गुरुवार. धार.

कराराचा मसुदा लिहिला. यातली एक खुबी माझ्या हयातीत विसरली जाणार नाही. माळव्यात दर राज्याचा मण वेगळा. धारचा वेगळा, देवासात तर रस्ता ओलांडला की वेगळा म्हणतात. सगळे तंटे त्यातून. म्हणून मी माप लिहिलेच नाही! लिहिले असे: 'मटकी, लाल, उत्तम, पाचशे, माप स्थानिक चालीप्रमाणे. बदली माल कोणत्याही कारणाने घेतला जाणार नाही.'

जेवताना हिने विचारले की हे सारे कुंभाराकडून घेणार का. मला ठसका लागला. कुंभार मटकी विकतो! उद्या म्हणशील सोनार भाजी विकतो. ही काहीतरी पुढे सांगू लागली, पण मी म्हटले की बायकांनी विहिरीचे स्वप्न पाहावे, खरेदी आमच्यावर सोडावी. ही ताट उचलून आत गेली. भांडी बराच वेळ वाजत होती.

धारचीच असल्याने हिला वाटते, आपल्याला येथले सगळे कळते.

२९ एप्रिल, सोमवार.

बदनावरचा एक दाण्याचा शेठ कोठीत आला. टेंडरची बातमी ऐकून आलो म्हणाला. त्याला विचारले, मटकी आहे? तो म्हणाला की मटकी म्हारे पास कां से आवे, पण मोठ आहे, अव्वल मोठ, घोड्यांसाठी पागेत वर्षानुवर्षे तीच जाते. झाले! जुन्या दुकानदाराला माल पुरवणारा हाच असणार. मी कराराचे शेवटचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. सरकारला मोठ नको, मटकी हवी. बदली माल चालणार नाही. शेठ माझ्याकडे बघतच राहिला. मग पगडी नीट करून निघून गेला.

माझ्या बाजूच्या टेबलावरचा शालिग्राम हे ऐकत होता. तो नुसता खोकला. मत्सर फुप्फुसात उतरतो.

अलार्म घड्याळ अद्याप वाजले नाही. जर्मन वस्तू, घाई करत नाही.

६ मे, सोमवार.

रिपोर्ट सादर! चौऱ्याऐंशी पाने. मोरोपंतांनी पहिले पान आणि शेवटचे पान वाचले, सरदारसाहेबांनी करारावर सही केली. पागेतली जुनी मटकी आठवड्यात संपेल, पण त्याआधी आपली येते.

संध्याकाळी हिला घेऊन कोठीमागचे घर बाहेरून पाहिले. विहीर आहे. रहाट नवा आहे! ही कुंपणावरून किती तरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली की तुळस पूर्वेला ठेवू. आजवर हिने माझ्याजवळ काही मागितले नव्हते. परतताना आनंदाच्या भरात एक घडीची खुर्ची घेतली. उघडत नाही. पण नव्या घरात उघडेल.

१२ मे, रविवार.

गेंदालालचा निरोप: उद्या गाड्या पोचतात. पेंढ्यात नीट भरून आणतो आहे, एकही फुटू देणार नाही म्हणतो. रात्रीच्या गारव्यातच गाड्या हाकतो, हळूहळू. मोड येऊ नये म्हणून एवढी काळजी! प्रामाणिक माणूस.

उद्यासाठी भाषण तयार केले. सुरुवात: 'सरदारसाहेब, खरेदी हे शास्त्र आहे.'

१३ मे, सोमवार. दुपार.

अकरा गाड्या आल्या.

सरदारसाहेब, मोरोपंत, शालिग्राम, पागेतली सगळी मंडळी अंगणात. मी म्हटले, 'सरदारसाहेब, खरेदी हे शास्त्र आहे.' गेंदालालने पेंढा बाजूला केला.

माठ.

लाल, गोल, पाण्याचे माठ. पाचशे. एकही फुटला नव्हता.

प्रथम वाटले की दाणा आत भरून आणला आहे. एकात हात घातला. मग दुसऱ्यात. सातव्यात हात घालताना रघुजीने माझे कोपर धरले. म्हणाला की साहेब, इकडे मटकी म्हणजे हेच, तुम्ही म्हणता ते म्हणजे मोठ. हे त्याला तेव्हा सांगता आले नसते का, असे मी विचारले. तो म्हणाला की सांगत होतो, तुम्ही म्हणालात सवय लागेल.

कोणीच हसले नाही, हे जास्त वाईट. फक्त पागेतला एक घोडा खिंकाळला. मोरोपंतांनी पाणी मागितले. गेंदालालने अदबीने नव्या माठात भरून दिले. मोरोपंत प्याले आणि म्हणाले की थंड आहे.

रिपोर्टमधला तेवढा मुद्दा तरी सिद्ध झाला.

१४ मे, मंगळवार.

घोडे काल नुसत्या गवतावर. शालिग्राम काल दुपारीच बदनावरला गेला होता, आज संध्याकाळी शेठची मोठ घेऊन परत. शेठने ती धामनोदच्या कोणाला कबूल केली होती, हा मिनतवारीने घेऊन आला. करारात बदली मालास मनाई होती हे मी त्याला सांगणार होतो, पण त्याच्याभोवती गर्दी होती.

खरेदी-इन्स्पेक्टरची जागा शालिग्रामला. घरही.

हिला सांगितले. ही म्हणाली की ठीक आहे, आणि घागर घेऊन पाण्याला गेली. दार तिने हळू ओढले. आदळले असते तर बरे झाले असते.

१५ मे, बुधवार. अक्षय्य तृतीया.

माठांचा निकाल लागला. आज पाण्याने भरलेला माठ दान करण्याचा दिवस, तेव्हा सरदारसाहेबांनी ब्राह्मणांना, देवळांना, वाटसरूंना वाटले, आणि उरलेल्यांची धामनोदच्या वाटेवर पाणपोई घातली. सगळे गाव म्हणते आहे की सरदारांनी काय वेळ साधली. गेंदालालला पागोटे मिळाले.

पाणपोईवर देखरेखीला माणूस हवा होता. हंगामी. मोरोपंत म्हणाले की नीलकंठराव, मटकीचा तुमच्याइतका अभ्यास कोणाचा आहे.

दुपारी ही एक माठ घ्यायला पाणपोईवर आली. प्रत्येकाला टिचकी मारून कान लावला, अठरा नाकारले, एकोणिसावा उचलला. मी विचारले, कसे कळते? ही म्हणाली की अगंबाई, विचारलेत!

१६ मे, गुरुवार.

पाणपोईची विहीर रस्त्यापासून लांब आहे. सकाळपासून खेपा घातल्या. सहाव्या खेपेनंतर मोजणे सोडले. कंबर वाकत नाही, वाकली की सरळ होत नाही. केशवर्धक तेल लावून पाहिले. उपयोग नाही.

घरी आलो तर नवा माठ ओल्या वाळूवर, सावलीत. ही चौथी खेप घालून आली होती, डोक्यावर चुंबळ तशीच. वर्षभर ही रोज हे करते आहे. माझ्या फॉर्मात पाच कॉलम होते, आणि पाणी कोण आणते हा नव्हता.

संकल्प एकच. उद्यापासून पाणपोईवर जाण्याआधी घरचे पाणी मी आणीन. हिला तसे सांगितले आणि अलार्म पाचचा लावला.

ही म्हणाली की ते घड्याळ वाजत नाही. राहू द्या, मी उठवीन.