दहाव्याचा फेस

आई,

आपल्या घरात फेस तीन ठिकाणी यायचा. दादा म्हैस पिळायचे तेव्हा चरवीत यायचा. तो दिसला की तू समाधानानं उठायचीस. तुरीची डाळ उकळताना भगुल्याच्या काठाशी चढायचा. तो तू पळीनं काढून बाजूला टाकायचीस, त्याच्याकडे न बघता. आणि तिसरा रिठ्यांचा. ताडकळसच्या बाजारातून आणलेले रिठे तू रात्री भिजत घालायचीस आणि सकाळी बादलीत हातानं चुरायचीस. तो फेस लवकर येत नसे. आधी पाणी नुसतं पिवळट होई, मग बुडबुडे, आणि तुझे दंड दुखायला लागले की कुठे जाडसर पांढरा थर.

दादा गेले, तुझं कुंकू गेलं, तेव्हा हा तिसरा फेस दहा दिवस बंद झाला. सुतकात साबण नाही, रिठे नाहीत, डोक्याला तेल नाही. माझे केस चिकटले होते, मानेवर मळाच्या रेघा दिसत होत्या. दहाव्याच्या सकाळी पुरुष नदीवर गेले आणि बायकांनी घर धुवायला काढलं. अंथरुणं, गोधड्या, दादांची धोतरं काकूनं आधीच ओली करून टाकली होती. तू अंगणात दगडापाशी बादली घेऊन बसलीस. शेजारी दादांचा पटका, कोरडा, घडी केलेला. त्याच्या आतल्या पट्टीला त्यांच्या डोक्याचं तेल आणि घाम लागलेला होता.

तू रिठे चुरत राहिलीस. ऊन दगडावर आलं तरी चुरत राहिलीस. फेस बादलीच्या वर आला, बाहेर सांडला, जमिनीवर फुटत गेला.

काकू म्हणाली, “अगं बास की आता. किती चुरायलीस? टरफलं राहिली नुसती.”

“येऊ दे अजून थोडा.”

“आला की. मयताचा पटका हाय बाई, नवरदेवाचा न्हाई.”

आणि तू हसलीस. मान खाली घालून, पण हसलीस. मी ओट्यावरून पाहिलं. मी चौथीत होते. दहा दिवसांत मी तुला रडताना ऐकलं नव्हतं, आणि पहिलं ऐकलं ते हसणं. त्या दिवशी तू माझे केस धुतलेस तेव्हा फेस डोळ्यांत गेला, मी रडले, आणि तुला वाटलं रिठ्यामुळे. तुला दादांचं काही वाटलं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पटका कधी पाण्यात गेला ते मला आठवत नाही. दुपारी तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाळत होता, इतका पांढरा की तो कुणाचाच वाटत नव्हता.

आज आमच्याकडे दहावा आहे. तुझ्या जावयाचा. तू त्यांना पाहिलं नाहीस. आम्ही फारसं काही पाळणारे नव्हतो, पण हे दहा दिवस मी साबण लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, हातच गेला नाही. सकाळी जावेचा फोन आला, “वयनी, आज सगळं धुऊन घ्या, काही मागं ठेवू नका.” मुलगी पुण्याहून आली आहे. तिनं चादरी, त्यांचे सदरे, टॉवेल मशीनला लावले. मग उशीला हात घातला.

“आई, अभ्रा काढते.”

“तो मी हातानं धुते.”

“हातानं? तू कधीपासून हातानं धुवायला लागलीस?”

मी बादली घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. पावडर टाकली, नळ सोडला. फेस लगेच आला, काठापर्यंत, भरपूर. त्यासाठी मला काहीच करावं लागलं नाही. बाहेर काढलेल्या हातावर तो क्षणभर राहिला आणि बसला. तेव्हा मला तू दिसलीस, चुरत बसलेली. जोवर तू रिठे चुरत होतीस तोवर पटका कोरडाच राहणार होता, आणि काकूला ते कळलं होतं. कळल्याचं तुलाही कळलं, म्हणून तू हसलीस. इतकंच असेल. मी साठीला आले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

अभ्र्यावर मध्यभागी तेलाचा पिवळा डाग आहे. शेवटी शेवटी ते एकाच कुशीवर असत.

बादलीतला फेस दोनदा बसला, दोनदा मी पावडर टाकली. मधल्या वेळात हे लिहिते आहे. तुला विचारण्यासारखं काही नाही, आणि हा कागद कुठे जायचाही नाही. आत्ता मुलगी येऊन गेली. “झालं का?” म्हणाली. मी म्हटलं, “भिजत घातलाय.” ती बरं म्हणाली आणि गेली.

घातलेला नाही, आई. या कागदाखाली, मांडीवर आहे.